उसाला काटा आहे, माणसाच्या कामाला कोणता?



दर वर्षी या पानावर आपण बेणे, लावण, खते, खोडवा आणि पाचट यांविषयी बोलतो. यंदा विषय जरा वेगळा घेतला आहे. ऊस पिकवणे जेवढे महत्त्वाचे, तेवढाच तो वेळेवर, ताजा आणि बुडख्यापासून तुटून गव्हाणीत पडणे महत्त्वाचे. हे काम ना युरिया करतो, ना ठिबक. ते माणसे करतात. शिवारात फिरणारा स्लिपबॉय, लावणीची नोंद घेणारा शेती मदतनीस, कोयता चालवणारे जोडपे, ट्रॅक्टर हाकणारा ड्रायव्हर, काट्यावरचा कारकून, बॉयलरपुढचा फायरमन. या माणसांकडून काम कसे घ्यावे, ते कसे मोजावे, चूक झाली तर कशी सांगावी आणि त्यांचे हक्काचे कसे द्यावे, हाही शेतीचाच एक भाग आहे. तो आपण आजवर 'ऑफिसचा प्रश्न' म्हणून बाजूला ठेवला.

आता कोणी म्हणेल, "साहेब, आमचा ऊस कवा जातोय तेवढं सांगा, बाकीचं तुमचं तुम्ही बघा." त्या सभासदालाही मी हेच सांगेन की दादा, तुमचा ऊस कवा जातोय याचे उत्तर याच विषयात दडलेले आहे.

एका वहीची गोष्ट

आधी माझी स्वतःची एक चूक सांगतो. दुसऱ्याच्या चुका सांगण्याअगोदर आपली सांगितलेली बरी.

वीसेक वर्षांपूर्वी, पदविका घेऊन नुकताच नोकरीला लागलो होतो, तेव्हाची गोष्ट. कारखाना दुसरा होता, भागही दुसरा. माझ्या हाताखाली दोन गटांत दोन हंगामी स्लिपबॉय होते. एक बोलका, चलाख, दिसला की नमस्कार घालणारा. दुसरा गप्प. विचारले तेवढेच बोलायचा. गट ऑफिसात मी एक फळा टांगला होता. रोज संध्याकाळी त्यावर दोघांचे टनेज लिहायचो. पहिल्याचे टनेज कायम वर, दुसऱ्याचे कायम खाली. फळा बघून येणारे-जाणारे हसायचे. मला वाटायचे, वा, काय शिस्त लावली आहे आपण.

हंगाम संपल्यावर वरिष्ठांनी अहवाल मागितला. मी लिहिले, "पहिला कार्यक्षम. दुसरा कामात मंद." दोन ओळींचा अहवाल. पुढच्या हंगामाला दुसऱ्याला बोलावणे गेले नाही.

मे महिन्यात निवांतपणे लावणीच्या नोंदवह्या आणि तोडीच्या तारखा एकमेकांशेजारी ठेवून मी हिशेब काढायला बसलो आणि माझे मलाच कसेसे झाले. पहिल्याने रस्त्याकडेचे, सपाट, ट्रॉली थेट सरीत घालता येईल असे फड आधी तोडले होते. त्यांत कितीतरी फड उशिरा लावलेले, न पिकलेले होते. आतल्या बाजूचे आडसाली फड मात्र तुरे येऊन, पोकळ होऊन मागे राहिले होते. दुसऱ्याने तारखेबरहुकूम तोड दिली होती. एकाही सभासदाचा क्रम मोडला नव्हता. पण त्याच्या वाट्याला आलेला निम्मा गट ओढ्याकाठचा होता. जमीन चिबड. ट्रॉली बांधाच्या बाहेरच उभी करायची आणि मोळ्या डोक्यावरून वाहायच्या. टोळी तीच, कष्ट दुप्पट, टनेज निम्मे. आणि फळ्यावर तो रोज शेवटचा.

काही वर्षांनी तो एका आठवडी बाजारात भेटला. मीच ओळख दिली. चहा प्यालो. मी अवघडून त्या अहवालाचा विषय काढला. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "साहेब, तुम्ही एकदा इचारलं असतं तर मी वही दाखवली असती."

बंधूंनो, विचारले असते तर. त्या तीन शब्दांत माझे सगळे शिक्षण झाले. तेव्हापासून कोणाच्याही कामाविषयी लिहिण्याआधी मी त्याला समोर बसवतो, आणि वही मागतो.

लाल मणी, पांढरे मणी

जी चूक मी एका फळ्यावर केली, ती मोठमोठ्या कारखान्यांत होते. डेमिंग नावाचे एक अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ होऊन गेले. १९५० साली त्यांनी जपानात जाऊन तिथल्या कारखानदारांना मालाचा दर्जा कसा सांभाळावा याचे पाठ दिले. तिथे आजही दर्जासाठी त्यांच्या नावाचे पारितोषिक आहे. आपल्या शिबिरांत ते एक खेळ करून दाखवत. एका पेटीत पांढरे आणि लाल मणी मिसळलेले. पाच मण्यांत एक लाल. माणसांना बोलवायचे, हातात खळगे असलेली फळी द्यायची आणि पेटीत बुडवून मणी काढायला सांगायचे. अट एकच, लाल मणी यायला नको. लाल मणी म्हणजे खराब माल. कोणाला कमी लाल येत, त्याचे कौतुक. कोणाला जास्त येत, त्याला दम. दुसऱ्या खेपेला कालचा शाबासकीवाला खाली आणि कालचा दमवाला वर.

मणी पेटीतच मिसळलेले आहेत, फळी धरणाऱ्याच्या हातात काही नाही, हे बघणाऱ्याच्या लक्षात यायला वेळ लागे. डेमिंग यांचे सांगणे असे की कामातले बहुतेक दोष माणसात नसतात, कामाच्या रचनेत असतात. आणि रचना बदलणे हे वरच्यांचे काम, खालच्यांचे नव्हे.

आपल्या भागाला हे लावून बघा. कागलकडची सपाट, रस्त्यालगतची रानं आणि राधानगरी-भुदरगडकडची डोंगरउताराची, अरुंद वाटेची, पावसाने नोव्हेंबरपर्यंत न वाळणारी रानं. दूधगंगेच्या आणि वेदगंगेच्या काठची मळी वेगळी, माळावरचा मुरूम वेगळा. दोन्हीकडच्या माणसांना एकाच टनेजने मोजले तर एकाला फुकटची शाबासकी आणि दुसऱ्याला फुकटचा दम. यात कोणाचाच फायदा नाही. उलट, ज्याला दम मिळतो तो पुढच्या वर्षी शहाणा होतो आणि रस्त्याकडेचे फड आधी घ्यायला शिकतो. चुकीचे माप लावले की सरळ माणूसही वाकडा चालायला लागतो.

मग मोजायचे तरी काय?

मोजायचेच नाही, असे मी म्हणत नाही. न मोजता केलेले कौतुक हे वशिल्याचे भावंड आहे. मोजावे, पण जे हातात आहे ते मोजावे. माझ्यापुरती मी एक साधी वही ठेवतो. स्लिपबॉयचे काम तपासताना त्यात पाच गोष्टी बघतो.

पहिली, क्रम. लावणीच्या नोंदीप्रमाणे तोड दिली का? क्रम मोडला असेल तर कारण लिहिले आहे का? फड जळाला, पूर आला, विहिरीचे काम निघाले, ही कारणे मान्य. 'पाव्हणा होता' हे अमान्य.

दुसरी, ताजेपणा. कोयता पडल्यापासून काट्यावर येईपर्यंत किती तास गेले? तुटलेला ऊस उन्हात पडला की वजनही जाते आणि साखरही मोडते. चोवीस तासांच्या आत गाळप झाले पाहिजे, हे आपण सगळे जाणतोच.

तिसरी, बुडखा. उसात साखर सगळ्यात जास्त बुडाशी असते. चार बोटे वर तोडला तर सभासदाचे टनेज, कारखान्याची साखर आणि खोडव्याचा फुटवा, तिन्ही बिघडतात.

चौथी, तक्रारी. किती आल्या, किती खऱ्या निघाल्या, किती दिवसांत मिटल्या.

पाचवे टनेज. ते शेवटी. आणि त्याच्यापुढे फड कसा होता याची नोंद. डोकीवर वाहतूक, चिबड, पडलेला ऊस, असे.

हा हिशेब किती पैशाचा आहे तेही सांगतो, म्हणजे विषय हवेतला वाटणार नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. त्याच्या वर उताऱ्यात ०.१ टक्का वाढ झाली की टनाला ३४ रुपये ६० पैसे जास्त. पन्नास टन ऊस घालणाऱ्या सभासदाला १,७३० रुपये. लाखभर टन गाळपावर ३४ लाख ६० हजार. हा पैसा कुठून येतो? पिकलेला ऊस आधी, न पिकलेला मागाहून, आणि जो येईल तो ताजा, यातूनच येतो. म्हणजे क्रम पाळणाऱ्या त्या गप्प पोराने खरे तर सगळ्या सभासदांच्या खिशात पैसे घातले होते, आणि मी त्याला मंद म्हटले होते.

चूक सांगण्याची रीत

चूक कोणाची होत नाही? पण ती सांगण्याला एक रीत असते. आमच्या गावाकडे बैल बिथरला तर जाणता माणूस आधी जू बघतो, खांदा बघतो, मग चाबूक उचलतो. माणसाच्या बाबतीत आपण आधी चाबूक उचलतो.

एक, काम काय अपेक्षित आहे ते हंगामाच्या आधी स्पष्ट सांगावे, शक्य तर लिहून द्यावे. "नीट काम कर" याला काही अर्थ नाही. "रोज सकाळी सातपर्यंत टोळी कोणत्या फडात आहे ते कळवायचे" याला अर्थ आहे. दोन, चूक दिसली की त्याच आठवड्यात सांगावी. सप्टेंबरात बसून जानेवारीची चूक काढली तर माणसाला आठवतही नाही. तीन, चूक एकट्याला सांगावी, शाबासकी चारचौघांत द्यावी. आपल्याकडे नेमके उलटे चालते. चार, त्याचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय कागदावर काही लिहू नये.

हे चौथे कलम माझ्या पदरचे नाही. कारखान्यांतल्या स्थायी आदेशांचा कायदा आपल्या देशात १९४६ साली झाला. कामगारावर ठपका ठेवायचा तर त्याला आरोप लेखी कळवायचा, खुलासा करू द्यायचा, चौकशी करायची आणि मग निर्णय द्यायचा, ही पद्धत त्यातूनच कारखान्यांत रुळली. जुने कायदे एकत्र करून नव्या श्रम संहिता आल्या तरी दुसऱ्याची बाजू ऐकल्याशिवाय निकाल नाही, हे तत्त्व काही बदललेले नाही. गावच्या पारावरच्या पंचांनाही ते माहीत होते.

भरतीविषयीही दोन शब्द बोललेच पाहिजेत. हंगाम जवळ आला की अधिकाऱ्याच्या दारात चपलांची रांग लागते. "पोरगं रिकामं हाय, कुठंतरी चिकटवा." मायबाप सभासदांनो, पोराची काळजी आम्हालाही आहे. पण 'चिकटवलेला' माणूस ज्याने चिकटवले त्याचे ऐकतो, कामाचे नाही. जागा किती, काम काय, पात्रता काय, हे फळ्यावर लागावे आणि जो बसेल तो घ्यावा. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्या मागे हाच विचार होता की नोकरी ही ठरावीक घरांची मिरास नव्हे. आपण त्याच मातीतले.

कोयत्याची दोन टोके

आता टोळीकडे वळू. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, जत अशा कोरडवाहू भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला माणसे इकडे येतात. काही टोळ्या आपल्याच गावच्या, पैऱ्याने चालणाऱ्या. बाहेरच्या टोळीचा हिशेब 'कोयत्या'ने होतो. एक कोयता म्हणजे एक नवरा-बायको. म्हणजे नावातच बाई दिसत नाही. ती पहाटे चारला उठते, भाकऱ्या थापते, दिवसभर ऊस साळते, मोळ्या बांधते, डोक्यावरून ट्रॉलीत चढवते, रात्री पुन्हा चूल पेटवते. आणि पैसे मात्र मुकादमाकडून नवऱ्याच्या हातात. एका खोपीवर मी एका मावशींना सहज विचारले, "मावशी, हंगामाचे किती फिटले?" त्या म्हणाल्या, "मालकास्नी ठावं. आमाला कोन सांगतंय बाबा?"

उचल उन्हाळ्यातच घेतलेली असते. लग्नाला, आजारपणाला, पोटाला. ती फिटेपर्यंत तोडायचे. एक दिवस खाडा झाला की दंड कापला जातो. दंड नको म्हणून दुखणे अंगावर काढायचे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न वर आला, तेव्हा शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. बंधूंनो, हे आकडे वाचून आपल्या चहातली साखर कडू लागली पाहिजे. कोणा एका कारखान्याला बोल लावून हात झटकता येणार नाहीत. ही सगळी रचनाच तशी आहे. पुन्हा तेच, लाल मणी पेटीत आहेत.

काही बदल झाले, तेही सांगितले पाहिजे. संघटना आणि साखर संघ यांच्यात लवादाने मजुरीचे करार होत आले. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ तीन वर्षांसाठी मान्य झाली. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळ झाले. गाळपाच्या टनाला दहा रुपये कारखान्यांनी द्यायचे, तेवढेच शासनाने घालायचे, अशी त्याची रचना ठरली. मुलांसाठी वसतिगृहांची योजना आली. पण कागदावरचे फडात उतरायला मध्ये माणसे लागतात. ती माणसे आपण.

आपण म्हणजे काय करायचे? फार नाही. आपल्या फडात टोळी उतरली की पिण्याचे स्वच्छ पाणी द्यावे. बायकांना आडोसा आणि दिवसाउजेडी काम, एवढे बघावे. अरे-तुरे, शिवीगाळ करू नये. आपल्या घरच्या लेकी-सुनांना जे बोलणार नाही ते दुसऱ्याच्या लेकी-सुनांना बोलू नये. वजनाची स्लिप मुकादमाबरोबर टोळीतल्या माणसांनाही वाचून दाखवावी. दहा-बारा वर्षांचे पोर कोयता घेऊन सरीत दिसले तर "चलाख आहे" म्हणून हसू नये, जवळच्या शाळेच्या गुरुजींना कळवावे.

आणि एक हिशेब मनाशी घाला. ऊस घातल्यावर चौदा दिवसांत बिल मिळाले पाहिजे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पंधरावा दिवस उजाडला की आपण रस्त्यावर येतो, आणि बरोबरच आहे. घामाचा पैसा वेळेवर मिळावा हा आपला हक्क, तर आपल्या रानात भांगलणीला येणाऱ्या बायकांचा तो नाही का? "पुढच्या बाजाराला देतो" असे आपण त्यांना किती वेळा सांगतो? समान कामाला समान मजुरी, हा कायदा देशात १९७६ साली झाला, आणि २०१९ च्या वेतन संहितेनेही तेच तत्त्व घेतले. तरी खत टाकणाऱ्या गड्याची हजेरी एक आणि त्याच सरीत त्याच्याबरोबर खत टाकणाऱ्या बाईची दुसरी, हे आपल्या प्रत्येक गावात चालते. कारखान्याने न्यायाने वागावे असे म्हणणारा सभासद आपल्या बांधावर स्वतः मालक असतो, हे विसरून चालणार नाही.

खुशाली

शेवटी सगळ्यांच्या मनातल्या विषयावर येतो. कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात 'खुशाली' आणि 'एंट्री' हे दोन शब्द आता लहान पोरालाही माहीत आहेत. टोळीला खुशाली, ड्रायव्हरला खेपेमागे एंट्री. पूर्वी फड संपला की शेतकरी राजीखुशीने टोळीला चार पैसे द्यायचा, कोंबडे-बकरे करायचा. ती खरी खुशाली. आता ती फड सुरू होण्याआधी ठरते, आणि नाही म्हटले तर टोळी सरीतून बाहेर. जी जबरदस्तीने घ्यावी लागते तिला खुशाली कसे म्हणायचे?

यात टोळीला झोडपणे सोपे आहे. पण जरा मागे जाऊन बघा. दर टनावर, म्हणून पडलेला, गवताने भरलेला, लांबचा फड त्यांना परवडत नाही. त्या अवघड फडाला वेगळे काही मिळत नाही. मग ते शेतकऱ्याकडून वसूल करतात. हळूहळू चांगल्या फडालाही तीच सवय लागते. दुसरीकडे, आपल्यातलाच एखादा म्हणतो, "दोन हजार जास्त घे, पण माझा आधी तोड." त्या दोन हजारांनी शेजारच्या तात्यांच्या आडसालीचा क्रम मोडतो. त्यांचा ऊस वाळतो. पुढच्या वर्षी तात्याही शिकतात आणि तीन हजार काढतात. लिलाव सुरू होतो. लिलावात जिंकणारा शेतकरी नसतो.

वाहतूकदारांचे दुखणेही यातच आहे. मुकादमाला लाखोंची उचल देऊन टोळीच आली नाही, असे अनुभव या भागातल्या कितीतरी ट्रॅक्टर मालकांना आले. कर्ज बँकेचे, बुडवले दुसऱ्याने. जिथे करार तोंडी, हिशेब कच्चा आणि साक्षीदार कोणी नाही, तिथे फसवणूक होणारच. म्हणून उचल बँकेमार्फत, नावनिशीवार, करारावर नवऱ्याबरोबर बायकोचीही सही किंवा अंगठा, आणि खात्यावर दोघांची नावे, असा आग्रह सगळ्यांनी धरला पाहिजे. अवघड फडासाठी जादा दर द्यायचाच तर तो उघड, ठरवून, पावतीवर द्यावा. चोरून दिलेले शंभर आणि पावतीवर दिलेले शंभर यांत फार फरक आहे. पहिले माणसाला मिंधे करते, दुसरे मजुरी होते.

सभासदांकडे मागणे

सहकार म्हणजे नुसता शेअर दाखला आणि सणाची साखर नव्हे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला १९५० साली सहकारी कारखान्याची चिमणी पेटवली, तेव्हा शेतकऱ्याने सावकाराच्या आणि व्यापाऱ्याच्या काट्यातून सुटावे ही त्यामागची तळमळ होती. आपण त्या काट्यातून सुटलो. आता दुसऱ्या कोणाला आपल्या काट्यात धरून ठेवू नये, एवढेच मागणे.

म्हणून तीन विनंत्या करतो. पहिली, आपल्या गटाच्या तोडीचा क्रम मागून घ्या, वाचा, आणि तो मोडण्यासाठी स्वतः कोणावर दबाव आणू नका. दुसरी, तक्रार करायची तर नाव, गट, तारीख घालून लेखी करा. चावडीवर केलेल्या तक्रारीने माणूस बदनाम होतो, काम सुधारत नाही. आणि ज्याने चांगले काम केले त्याच्याविषयीही दोन ओळी लिहा. तसा कागद ऑफिसात क्वचितच येतो. तिसरी, आपल्या फडात राबणाऱ्या माणसाला एकदा तरी नावाने हाक मारा आणि काही अडचण आहे का, ते विचारा.

विचारणे स्वस्त आहे. न विचारल्याची किंमत किती, ते मी त्या बाजारातल्या चहाच्या टपरीवर मोजली आहे. त्या पोराची वही मी आजवर पाहिलेली नाही. पण कोणाचीही वही न बघता पुढचा अहवाल लिहायचा नाही, एवढे पथ्य तेव्हापासून पाळत आलो. आपणही आपापल्या बांधावर ते पाळावे, ही नम्र विनंती.

हंगाम सर्वांना सुखाचा जावो. जय सहकार.

— ऊस विकास अधिकारी, बिद्री